हवेतील जिवाणू-नमुन्यांची स्वयंचलित सिद्धता

जैविक हल्ला ओळखण्यासाठी हवेतील सूक्ष्म कण गोळा करून त्यांतले जिवाणू तपासणीयोग्य द्रवरूपात आणण्याचे काम माणसाचा हात न लावता यंत्राने करणे. बोलबाला होतो तो शोधयंत्राचा, पण तपासणी बहुधा फसते ती त्याआधीच्या या टप्प्यात.

या तंत्राची निकड २००१ मध्ये अमेरिकेत जाणवली. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू टपालातून पाठवले गेले. २२ जणांना लागण झाली, ५ जण दगावले. मृतांत वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातले दोन कर्मचारी होते. त्यानंतर अमेरिकी टपाल खात्याने पत्रांवर शिक्के मारणाऱ्या यंत्रांजवळच हवा तपासणारी यंत्रणा बसवली. तासभर हवा खेचायची आणि पुढच्या अर्ध्या तासात निकाल द्यायचा, अशी तिची रीत.

खेचलेली हवा संग्राहकात भोवऱ्यासारखी फिरते, तेव्हा जड कण कडेला फेकले जाऊन द्रवात अडकतात. मोठ्या आकारमानाच्या हवेतला ऐवज असा काही मिलिलिटरांत उतरतो. त्यातलेही काही मायक्रोलिटरच पीसीआर चाचणीला (डीएनएच्या असंख्य प्रती काढून जिवाणू ओळखणाऱ्या चाचणीला) लागतात. अडचण अशी की जिवाणूंबरोबर धूळ, काजळी, परागकणही येतात. मातीतली ह्युमिक आम्ले पीसीआरमधले विकर (एन्झाइम) दडपतात आणि जिवाणू असूनही निकाल नकारार्थी येऊ शकतो. म्हणून कार्ट्रिजमध्येच (चाचणीच्या छोट्या बंद डबीतच) द्रव गाळला जातो, अडकलेले कण धुतले जातात, मग श्राव्यातीत कंपनांनी बीजाणूंचे चिवट कवच फोडून डीएनए मोकळा केला जातो. पायऱ्या नीट पार पडल्या की नाही, हे अंतर्गत नियंत्रण-चाचणी, म्हणजे मुद्दाम घातलेल्या ओळखीच्या नमुन्याची चाचणी, सांगते. ती नसेल तर नकारार्थी निकालाला फारसा अर्थ उरत नाही.

अमेरिकी शहरांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘बायोवॉच’ कार्यक्रमाला मात्र हे साधले नाही. तिथे गाळणी-कागद माणसेच काढून प्रयोगशाळेत नेत. निकालाला १२ ते ३६ तास लागत. ते काम यंत्रावर सोपवणारी पुढची पिढी २०१४ मध्ये रद्द झाली. शिवाय यंत्राने नमुना कितीही स्वच्छ केला, तरी मातीत नैसर्गिकपणे राहणारे नातलग जिवाणू चाचणीला चकवतात.

टपाल खात्याच्या यंत्रणेतले ‘जीनएक्स्पर्ट’ तंत्र भारतात सीबीनॅट (कार्ट्रिजवर चालणारी जनुकीय चाचणी) म्हणून ओळखले जाते. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगासाठी त्याची शिफारस केली. थुंकीत द्रावण मिसळण्याचे पहिले काम मात्र तिथे तंत्रज्ञ हातानेच करतो.