रूट कॅनालमधलं इरिगेशन: एका चुकीच्या नावाची आणि दोन मोजमापांची पार्श्वभूमी

रूट कॅनाल उपचारात दाताच्या मुळातली बारीक नळी, म्हणजे कॅनाल, द्रवाने धुतात, त्याला इरिगेशन म्हणतात. मराठीत सिंचन म्हटलं की पाट आणि ठिबक डोळ्यांपुढे येतात, म्हणून दवाखान्यात सगळे इरिगेशनच म्हणतात. त्यातून घोळ होत नाही. घोळ होतो तो 'पॅसिव्ह अल्ट्रासॉनिक इरिगेशन' या नावातल्या 'पॅसिव्ह' या शब्दाने.

द्रवांचा इतिहास थोडक्यात असा. पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला साधारण अर्धा टक्का तीव्रतेचं सोडियम हायपोक्लोराइट वापरात आलं आणि तिथून ते दातांत पोचलं. १९५७ मध्ये दातातली खनिजं विरघळवणाऱ्या ईडीटीए या द्रवाची भर पडली. फाइल, म्हणजे कॅनाल खरवडणारी बारीक सळई, फिरवल्यावर भिंतीवर चिकटणारा भुकटीचा स्मिअर थर १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला गेला आणि या दोन द्रवांची जोडी का हवी, ते पटलं.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे अतिवेगाने कंप पावणारं उपकरण, हेही मुळांच्या उपचारात १९५७ चंच. पण त्याचा जोर वाढला १९७० च्या दशकात. तेव्हाची कल्पना अशी, की कंप पावणाऱ्या फाइलने कॅनाल कापायचाही आणि धुवायचाही. कापणं मात्र काबूत राहीना. कॅनालचा मूळ आकार बिघडायचा, भिंतीला भोक पडायची भीती असायची. म्हणून कापण्याचं काम पुन्हा साध्या फाइलीकडे गेलं आणि अल्ट्रासॉनिककडे उरलं फक्त द्रव ढवळणं. १९८० मध्ये त्याला 'पॅसिव्ह' म्हटलं गेलं ते 'न कापणारं' या अर्थाने. ज्याचं टोक सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरतं, त्याला निष्क्रिय म्हणायचं! पुढे हेही दिसलं, की ते टोक कॅनालच्या भिंतीला लागतंच. त्यामुळे 'अल्ट्रासॉनिकली अ‍ॅक्टिव्हेटेड इरिगेशन' हे नाव सुचवलं गेलं, पण जुनं नाव सुटलेलं नाही. ते सुटायला हवं, कारण त्या एकाच नावाखाली कुणी २० सेकंदांच्या तीन फेऱ्या देतं, कुणी सलग मिनिटभर. कुणी साचलेला द्रव ढवळतं, कुणी धार चालू ठेवतं. अनेक चाचण्या एकत्र करून आढावे लिहिताना हे सगळं एका रकान्यात पडतं आणि साध्या सुईपेक्षा 'फरक आढळला नाही' असा निष्कर्ष निघतो. अशा निष्कर्षावर मला भरवसा ठेवता येत नाही.

ढवळायची गरज का, हे पाहायला काचेची एका टोकाला बंद असलेली बारीक नळी पुरते. तिच्यात सुईने रंगीत पाणी सोडा. तळाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि कितीही पाणी ओतलं तरी तिथेच बसून राहतो. दाताच्या मुळाचं टोक हाडात असतं, म्हणजे कॅनालही अशी बंद नळीच. बाजूला छिद्र असलेल्या ३० गेजच्या सुईतून निघालेला द्रव सुईच्या टोकापुढे जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो. जोर लावला तर हायपोक्लोराइट मुळाबाहेर निसटतं, आणि त्यानंतरची सूज ज्याने पाहिली आहे तो पुन्हा पिस्टन दाबताना हात आखडता घेतो. ही भीती कमी करायला, टोकापाशी द्रव ओढून घेणारी निगेटिव्ह प्रेशर पद्धत आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिच्यानंतर दुखणं साध्या सुईपेक्षा कमी नोंदलं गेलं.

तिथून दुखण्याच्या चाचण्यांना उधाण आलं. हायपोक्लोराइटच्या तीव्रतेवरच निकाल उलटसुलट आहेत: एकात सव्वापाच टक्क्यांनी कमी दुखलं, दुसऱ्यात १.३ टक्क्यांनी. २०१५ च्या आसपासपासून थंड सलाइनही, म्हणजे मिठाचं पाणी, या रांगेत आलं.

दुखणं मोजायला रुग्णाने किती दुखतंय त्याची खूण करायची १०० मिलिमीटरची रेघ आणि सहा तासांपासून आठवड्यापर्यंतचे फोन पुरतात. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, तीन वर्षांत बसणारा प्रबंध म्हणजे हाच. मुळाच्या टोकाशी झिजलेलं हाड भरलं का, हे बघायला किमान वर्ष जावं लागतं, आणि दुखणं थांबलेला माणूस नुसत्या एक्स-रेसाठी सहसा परत येत नाही. म्हणून बरं होण्यावरच्या चाचण्या मोजक्याच. २०१३ मध्ये एकमुळी दातांवर झालेल्या अशा एका चाचणीत सीबीसीटीवर, म्हणजे त्रिमितीय एक्स-रेवर, पाहिलं, तर अल्ट्रासॉनिक आणि सुई यांच्या निकालांत संख्याशास्त्रीय फरक ठरला नाही. एकमुळी दात मुळात धुवायला सोपे. खरी अडचण खालच्या दाढांची आहे, जिथे दोन कॅनालांना जोडणाऱ्या फटीत फाइल पोचतच नाही.