"त्याला का बसवलं?": संघनिवडीच्या वादाची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतो. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे सरकली की साडेआठला. संघ त्याच्या सव्वा तास आधी जाहीर होतो, आणि बेळगावच्या कॅम्प-टिळकवाडीपासून निपाणी-खानापूरपर्यंत फुटबॉल बघणाऱ्यांचा वाद तेव्हाच पेटतो. "त्याला का बसवलं?" गोल कुणी चुकवला याची चर्चा रात्रीत विरते. हा प्रश्न मात्र पुढच्या शनिवारपर्यंत पुरतो.

मॅनेजरने एकट्याने अकरा जण निवडायचे आणि चुकलं तर शिव्याही त्यानेच खायच्या, ही रीत फुटबॉलच्या मानाने उशिरा आली. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला १९४६ मध्ये वॉल्टर विंटरबॉटम हे पहिले मॅनेजर मिळाले, पण संघ ठरवायची ती निवड समिती. १९५० च्या विश्वचषकात तर निवडीचा अधिकार आर्थर ड्रूरी या एकाच पदाधिकाऱ्याच्या हाती होता. चिलीला २-० ने हरवलेला संघ मोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि अमेरिकेविरुद्ध स्टॅन्ली मॅथ्यूजसारखा नावाजलेला खेळाडू बाहेर राहिला. २९ जून १९५० ला बेलो होरिझॉन्तेमध्ये इंग्लंड ०-१ ने हरलं. "जिंकलेली टीम बदलू नये" हे वाक्य आपल्याकडे आजही कट्ट्यावर ठामपणे फेकलं जातं. त्याची सर्वांत महागडी परीक्षा त्या दिवशी झाली.

समितीची सद्दी संपवली आल्फ रॅम्सी यांनी. १९६२ मध्ये मॅनेजरपद स्वीकारताना त्यांनी निवडीचा पूर्ण अधिकार मागून घेतला. १९६६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध फॉरवर्ड जिमी ग्रीव्ह्जच्या पायाला दुखापत झाली, जेफ हर्स्ट आत आला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्ह्ज बरा झाला होता, तरी रॅम्सींनी हर्स्टलाच ठेवलं. तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. सुरुवातीला जो बाहेर, तो शेवटपर्यंत बाहेर. हर्स्टने तीन गोल केले, इंग्लंड ४-२ ने जिंकलं आणि वाद तिथेच मिटला.

चार वर्षांनी मेक्सिकोत नियम बदलला होता. विश्वचषकात पहिल्यांदाच बदली खेळाडू उतरवता येत होते. उपांत्यपूर्व सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंड २-० ने पुढे होतं. बेकनबावरने एक गोल फेडला आणि लगेच रॅम्सींनी बॉबी चार्ल्टनला बाहेर काढलं. इंग्लंड जादा वेळेत २-३ ने हरलं. माणूस तोच, अधिकार तोच. पण "कुणाला घेतलं" याच्या जोडीला "कधी काढलं" हा दुसरा प्रश्न उभा राहिला. आज आपण जे भांडतो, त्यातलं निम्म्याहून अधिक या दुसऱ्या प्रश्नावर असतं.

हा अधिकार किती नाजूक असतो ते त्याच वर्षी ब्राझीलमध्ये दिसलं. राष्ट्राध्यक्ष मेदिची यांना दारियो हा फॉरवर्ड संघात हवा होता. प्रशिक्षक जोआव साल्दान्या यांनी त्यांचं ऐकलं नाही, आणि विश्वचषकाला तीन महिने राहिले असताना त्यांचं पद गेलं. त्यांच्या जागी झगालो आले, दारियोला मेक्सिकोला घेऊन गेले, पण एक मिनिटही खेळवलं नाही.

भारताचं उदाहरण याहून जवळचं आणि माझ्या मते याहून मोठं. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला बॅकवरून, म्हणजे बचावातून, काढून थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. भारत २-१ ने जिंकला. टीव्हीवरच्या सामन्यात बॅक पुढे उभा दिसला की "प्रयोग कशाला?" म्हणणाऱ्याने हा सामना आठवावा.

बेळगावात फुटबॉल रुजला तो छावणी आणि शाळांच्या आधाराने. सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही इथेच. उत्तरेला कोल्हापूर, चोर्ला घाट उतरला की गोवा. दोन्हीकडे निवडीचा विचार वेगळा. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ पेठांशी बांधलेले, त्यामुळे शाहू स्टेडियमवर बाहेर बसवलेला पोरगा हा कुणाचा तरी शेजारी असतो. गोव्यात धेंपे, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनी पगारी खेळाडूंचे संघ उभे केले. तिथे प्रश्न करार आणि जागेचा. सीमाभागातला प्रेक्षक या दोन्ही सवयी घेऊन मँचेस्टर किंवा लिव्हरपूलचा संघ वाचतो.

त्यात इथली निवड राज्याच्या सीमेनेही ठरली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. संतोष ट्रॉफीचा संघ राज्याचा असतो, म्हणून इथल्या मुलाची निवड चाचणी मुंबईऐवजी पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूच्या वाटेला लागली. तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या कोल्हापूरचा मुलगा महाराष्ट्राकडून, निपाणीचा कर्नाटकाकडून. म्हैसूरने १९६८-६९ मध्ये ही ट्रॉफी जिंकली, त्यानंतर कर्नाटकाला ती थेट मार्च २०२३ मध्ये, रियाधला मेघालयाला ३-२ ने हरवून मिळाली. मधल्या ५४ वर्षांत "आमच्याकडचा पोरगा कुणी बघितलाच नाही" ही तक्रार इथे मुरली, आणि ती पूर्ण चुकीची होती असं मला वाटत नाही. बस, मुक्काम आणि बुडणारी परीक्षा यांचा खर्च चाचणीआधीच अनेकांना गाळतो.

आता परदेशी लीगच्या वादात नेमकं कुठे चुकतं ते पाहू. नाव यादीत नाही म्हणजे मॅनेजरचा राग, असा अर्थ पहिल्यांदा काढू नये. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एक सामना बंदी, ३२ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन. नोंदणीची यादी २५ जणांची, त्यात तिथल्या अकादमीत न घडलेले १७ पेक्षा जास्त नकोत. २१ वर्षांखालचे या मोजणीत येत नाहीत. सप्टेंबरच्या यादीतून जो गळला, तो निदान जानेवारीपर्यंत लीगमध्ये खेळूच शकत नाही, सरावात कितीही चमकला तरी. सामन्याला ११ आणि बाकावर नऊ. तिथे एक तरी गोलकीपर लागतोच, एखादा बॅक ठेवावाच लागतो, म्हणून चौथ्या फॉरवर्डला जागा उरत नाही.

बदलांचं गणित सर्वांत जास्त चुकतं. २०२० मध्ये तात्पुरते आलेले पाच बदल २०२२ मध्ये कायम झाले. पण ते तीन वेळांतच करायचे, मध्यंतरातला बदल त्यात धरत नाहीत. एकेक करून तीनदा बदल केले की उरलेले दोन वाया जातात, आणि नंतर कुणी लंगडला तर दहा जणांवर खेळायचं (डोक्याला मार लागला तर वेगळा नियम). म्हणून साठाव्या मिनिटाला दोघे एकदम उतरतात आणि "दुसऱ्याला कशाला काढलं?" असं आपण ओरडतो. आपल्याकडच्या सात-सात जणांच्या सामन्यांत बाहेर काढलेला परत आत येऊ शकतो, त्यामुळे डोळ्याला लागलेली सवय इथे फसवते. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या लुई व्हान गालने कोस्टा रिकाविरुद्ध पेनल्टीआधी गोलकीपर बदलला, आत आलेल्या क्रुलने दोन फटके अडवले. पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध तिन्ही बदल आधीच संपले होते. क्रुल बाकावरच राहिला, नेदरलँड्स पेनल्टीवर २-४ ने हरलं.

२०२५ मध्ये सीमाभागात सर्वांत तापलेला वाद मात्र सुनील छेत्रीचा होता. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी चाळिसाव्या वर्षी परत बोलावलं, आणि मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. बेंगळुरू एफसीचे चाहते खूश झाले, एफसी गोवावाले म्हणाले, तरुणांची जागा अडली. पण त्या जागेवर तरुण आहेत कुठे? इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मैदानावर चार परदेशी चालतात, आणि त्यातला एक बहुतेक क्लब नऊ नंबरला, म्हणजे सेंटर फॉरवर्डलाच लावतात. भारतीय मुलगा विंगला जातो, नाहीतर बाकावर बसतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाने यादी हातात घेण्याआधीच ही जागा क्लबांनी भरून टाकलेली असते.