केक खाल्ला म्हणून पोरं उड्या मारतात का?

"गोड दिलं की मुलं हायपर होतात" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. वाटतं खरं, कारण बर्थडेला ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून विश्वास बसला तर नवल नाही. पण साखरेने तसं होत नाही.

1994 चा एक अभ्यास बघा. 5 ते 7 वर्षांचे 35 मुलगे घेतले, ज्यांच्या आया म्हणायच्या की याला साखर चढते. अर्ध्या आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिलीये, बाकीच्यांना सांगितलं की नाही दिली, आणि प्रत्यक्षात साखर कोणालाच नव्हती, सगळ्यांना बिनसाखरेचा गोडवा दिलेला! तरी पहिल्या गटातल्या आयांना आपला मुलगा जास्त चळवळ्या वाटला, आणि व्हिडिओत दिसलं की त्या मुलाला जास्त चिकटून बसत होत्या.

आता 35 मुलं म्हणजे फार नाहीत, त्यात मुली नाहीतच, तेवढ्यावरून मी पण निकाल देणार नाही. पण 1995 मध्ये असे 23 प्रयोग एकत्र तपासले, ज्यात साखर कोणाला मिळाली हे मुलांना, पालकांना, तपासणाऱ्यांना कोणालाच माहीत नव्हतं, आणि वागण्यात फरक सापडला नाही. काही मुलांवर थोडा परिणाम होत असेल ही शक्यता त्यांनी उघडी ठेवली, एवढंच.

स्वतः बघायचंय? पुढच्या बर्थडेला केक कापायच्या आधी अर्धा तास पोरांकडे लक्ष द्या. फुगे, गाणी, वीस मित्र, सोफ्यावरून उड्या तेव्हाच चालू असतात. दातांसाठी साखर कमी द्यायची तर जरूर द्या, तो विषय वेगळा.