उत्तराधिकार प्रमाणपत्र

मयत व्यक्तीची येणी व रोखे वसूल करण्याचा अधिकार देणारा न्यायालयीन दाखला. व्यवहारातले नाव ‘सक्सेशन सर्टिफिकेट’. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या दहाव्या भागात (कलमे ३७० ते ३९०) त्याची तरतूद आहे.

बँकेतील ठेवी, शेअर्स, कर्जरोखे, उसने दिलेले पैसे एवढ्यापुरतेच ते चालते. घर किंवा शेतजमीन त्यात येत नाही. सातबाऱ्यावरची वारसनोंद तलाठ्याकडे अर्ज करून फेरफाराने होते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस प्रमाणपत्रही मागता येते, पण तो वेगळा अर्ज. एकाच्या जागी दुसरा दाखला काढल्याने महिनेच्या महिने वाया जातात.

अर्ज मयताचे नेहमीचे वास्तव्य जिथे होते तिथल्या न्यायालयात करायचा. त्यात मृत्यूची तारीख, सर्व जवळचे नातलग व त्यांचे पत्ते, अर्जदाराचा हक्क आणि येण्यांची यादी द्यावी लागते. न्यायालय नोटीस काढते, हरकती ऐकते. चौकशी संक्षिप्त असते. हक्काचा प्रश्न किचकट निघाला तरी प्रथमदर्शनी ज्याचा हक्क सरस, त्याला प्रमाणपत्र देता येते. म्हणूनच ते मालकी ठरवत नाही. त्याचा खरा उपयोग पैसे देणाऱ्याला : प्रमाणपत्र पाहून सद्भावनेने रक्कम दिली की बँक मोकळी (कलम ३८१). उरलेल्या वारसांचा हिस्सा मागण्याचा दावा शाबूत राहतो.

सर्वाधिक घोळ नातलगांच्या यादीत होतो. हिंदू पुरुषाच्या पश्चात आई ही पत्नी व मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते, वडील मात्र दुसऱ्या वर्गात. तरीही अर्जात हटकून आई गळते, नाहीतर लग्न झालेल्या मुली. वारस लपवला तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. महत्त्वाचे चुकीचे विधान अजाणतेपणी केले असले तरीही (कलम ३८३).

दुसरी अडचण यादीतल्या क्रमांकांची. ठेवीचे आपोआप नूतनीकरण होऊन पावती क्रमांक बदलला असेल, तर बँक जुन्या क्रमांकावर रक्कम अडवते. अर्जापूर्वी बँकेकडून ताजा तपशील लेखी घ्यावा. नंतर सापडलेले येणे कलम ३७६ खाली वाढवून घेता येते, नवे प्रमाणपत्र लागत नाही. वाढीव रकमेवरची कोर्ट फी तेवढी भरावी लागते.