पुडी आधी गार पाण्यात! आमची फोंड्यूची बरणी घरी नेणाऱ्यांसाठी

फोंड्यू म्हणजे मधे गरम ठेवून त्यात पाव-भाज्या बुडवून खायचं चीजचं दाट मिश्रण, आमचं चीजऐवजी काजूचं. शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास दुकानाचा फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार हे आम्हाला आता पाठ झालंय. "अहो ताई, पाहुणे येऊन बसलेत अन् याच्यात गोळेच व्हायलेत. बरणी जुनी होती का?" बरणी जुनी नसते. आदल्या रात्री काजू भिजतात, सकाळी वाटले जातात आणि दुपारी बरणी तुमच्या हातात असते. घोळ झालेला असतो तो पुडीचा. बरणीसोबत दिलेली पांढरी पुडी कोरडीच गरम पातेल्यात गेलेली असते. आठवड्याला तीन-चार फोन याच कारणाचे येतात, म्हणून हा कागद छापला. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण पुडीचं मात्र गॅस पेटवायच्या आधी वाचा.

पुडीचं काय करायचं

पुडीत २५ ग्रॅम टॅपिओकाचं स्टार्च आहे. ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्याचंच हे बारीक पीठ. चहाचा कप घ्या, त्यात साधारण १०० मिली गार पाणी घ्या, पुडी त्यात रिकामी करा आणि चमचा तळाला लावून ढवळा. पाणी दुधासारखं पांढरं दिसलं की झालं. हा कप ओट्यावर ठेवून तुम्ही कांदा चिरायला गेलात तर दोन-चार मिनिटांत पीठ तळाशी बसतं आणि चमच्याला दगड लागल्यासारखं वाटतं. म्हणून ओतण्याआधी पुन्हा एकदा ढवळून घ्या.

यावर आम्हाला नेहमी एक उत्तर मिळतं. "आम्ही पिठलं कोरडं पीठ पेरूनच करतो, आमच्या हातचं कधी गोळे होत नाही." तुमच्या हाताबद्दल आमची काही शंका नाही. पण बेसन आणि हे पीठ यांची जात वेगळी. बेसनात डाळीची प्रथिनं आहेत, स्निग्धांश आहे, दाणा थोडा भरड आहे. तो पाणी जरा सावकाश पितो, तेवढ्यात तुमची रवी फिरलेली असते. आमच्या पुडीत निव्वळ स्टार्च आहे. ते साधारण ६० ते ७० अंशांवर फुगायला लागतं, आणि वाफाळत्या पातेल्यात पडलं तर बाहेरचे कण क्षणात फुगून चिकट साल धरतात. आतलं पीठ त्या सालीत कोरडंच कोंडलं जातं. खोटं वाटत असेल तर एक गोळी चमच्याने दाबून फोडून बघा, आत पांढरी भुकटी दिसेल. तिथवर पाणी पोचलेलंच नसतं, मग कितीही घोटा. हा काही आम्ही काढलेला सोवळ्याचा नियम नाही. स्वित्झर्लंडमध्ये चीजचं फोंड्यू करतानाही स्टार्च आधी थंड वाइनमध्ये किंवा चेरीच्या दारूत कालवून मगच भांड्यात घालायची रीत आहे.

गॅसवर

बरणीतलं काजूचं वाटण जाड बुडाच्या पातेल्यात काढा. रिकाम्या बरणीत अर्धी बरणी पाणी भरा, झाकण लावून हलवा आणि तेही पातेल्यात ओता. माप झालं आणि बरणीला चिकटलेलं वायाही गेलं नाही. मंद आचेवर ठेवून कोमट झालं की, म्हणजे बोट बुडवता येईल इतपतच, कपातलं पांढरं पाणी ढवळत ढवळत ओता. आता सहा-सात मिनिटं पातेल्यापाशी उभं राहायचं आहे. आधीची चार मिनिटं काहीच घडत नाही, ताकासारखं पातळच दिसतं. मग कडेकडेने जरा जाड व्हायला लागतं, चकाकी येते, आणि चमचा उचलला की खाली तार लोंबते. उलथन्याने पातेल्याच्या तळावर रेघ ओढली आणि ती दोन क्षण टिकली की गॅस बंद.

इथेच दुसरी चूक होते, पण ती पहिलीचीच बहीण म्हणायची. चार मिनिटं झाली, पातळच दिसतंय, पाहुणे बाहेर हसतायत, म्हणून लोक गॅस मोठा करतात नाहीतर घरातलं कॉर्नफ्लोअर दोन चमचे टाकतात. पाचव्या मिनिटाला दोन्ही पिठं एकदम फुलतात आणि काटा त्यात उभा राहतो. जालन्याच्या एका गिऱ्हाइकाने आम्हाला फोटो पाठवला होता. पाव त्यात रोवला होता आणि खाली लिहिलं होतं, "ताई, सिमेंट छान आहे." आम्ही हसलो, त्यांना पुढच्या वेळी एक पुडी फुकट दिली आणि सोबत आत्ता लिहिलंय तेच सांगितलं.

लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. आंबट घालून उकळत ठेवलं तर स्टार्च पुन्हा सैल पडतं. मिरपूड आणि चिमूटभर जायफळही तेव्हाच घाला. लसणाची पाकळी कापून आधी भांड्याच्या आतून चोळायची युरोपातली पद्धत आम्हाला आवडते. आपल्याकडे लसूण चोळण्यापेक्षा ठेचून घालण्याकडेच कल असतो, तसंही चालेल.

गोळे झालेच असतील तर: गॅस बंद करा, सगळं पिठाच्या चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून गाळून घ्या. मिक्सरला लावू नका, फिरवून फिरवून ते डिंकासारखं होतं. गोळ्यांत अडकलेलं स्टार्च कमी पडलेलं असतं, म्हणून उपवासाचा साबुदाणा कोरडाच मिक्सरमध्ये दळून चाळून घ्या, त्यातलं एक मोठा चमचाभर गार पाण्यात कालवा आणि पुन्हा मंद आचेवर घाला. आमच्या पुडीइतकं ताणलं जाणार नाही, पण रात्र भागेल.

"पुडी तुम्हीच का नाही मिसळून देत?"

करून पाहिलं. कच्चं पीठ वाटणात मिसळून ठेवलं तर ते बरणीच्या तळाशी बसून जातं आणि गिऱ्हाईक वरचं पातळ तेवढं ओतून घेतं. शिजवून दिलं तर फ्रीजमध्ये एका रात्रीत ते खरवसासारखं आळतं, कडेला पाणी सुटतं आणि गरम केल्यावरही पहिली तार येत नाही. पुडी वेगळी ठेवली की वाटण फ्रीजमध्ये चार दिवस नीट राहतं आणि तार तुमच्या पातेल्यात ताजी धरते. तुमच्या वाट्याला एक कप जास्त घासायला येतो, हे मान्य.

हेही विचारलं जातं की बरणीवर चीज का लिहिलं नाही. दूध नसलेल्या पदार्थाला दूध, दही, चीज म्हणून विकायला नियमाने मनाई आहे. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या) पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि त्यांचं वेगळं चिन्हही आहे. ते चिन्ह आम्ही अजून लावत नाही, कारण आमची मंजुरी व्हायची आहे. तोवर बरणीवर आत काय आहे ते पूर्ण लिहितो: काजू, पाणी, न्यूट्रिशनल यीस्ट, मीठ, लसूण, मोहरी. हे यीस्ट पावाचं यीस्ट नव्हे. ते निष्क्रिय केलेलं असतं, फुगत नाही, आणि त्याच्याचमुळे ती चीजसारखी खमंग चव येते. पावाचं यीस्ट त्याऐवजी टाकू नका, कडू होतं.

दोन गोष्टी हसण्यावारी नेऊ नका. काजूची ॲलर्जी असणाऱ्याला यातलं काही देऊ नका, चाखायलाही नाही. आणि "जरा चव येऊ दे" म्हणून वरून चीज किसू नका किंवा लोणी सोडू नका. पंगतीत कुणी दुधाच्या ॲलर्जीमुळे व्हीगन खाणारा असेल तर त्याला ते थेट बाधतं. व्हीगन म्हणजे नुसतं शाकाहारी नव्हे. दूध, तूप, दही, मध काहीच नाही. बाहेरून वाइन आणून घालणारेही आहेत. हरकत नाही, पण काही वाइन गाळताना अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, तेवढं पाहून घ्या. आम्ही लिंबावर भागवतो.

काजू आणि साबुदाणा बघून चतुर्थीला चालेल का असंही विचारतात. आत लसूण आहे, मोहरी आहे. आम्ही ते तुमच्या सासूबाईंवर सोपवतो. लसूण आणि कंद न खाणाऱ्या जैन घरांसाठी मात्र वेगळी बरणी आणि मक्याच्या स्टार्चची पुडी करून देतो. त्याला तार कमी येते, चव उत्तम. दोन दिवस आधी सांगा.

बुडवायला काय

पाव शिळा घ्या, कालचा. ताजा मऊ पाव काट्यावरून निसटून तळाला जातो. शिवाय काही बेकऱ्यांत पावात दूध असतं किंवा वरून लोणी फिरवतात, तेव्हा विचारून घ्या. उकडलेले छोटे बटाटे, अर्धवट वाफवलेला फ्लॉवर, परतलेले मशरूम, कच्ची ढोबळी मिरची, सफरचंदाच्या फोडी. भाज्या धुतल्या की फडक्याने पुसा, ओल्या भाजीने भांडं पातळ होत जातं. आमच्या घरी सगळ्यात आधी संपते ती ज्वारीची कडक भाकरी. मोडून तिचे तुकडे काट्याला टोचत नाहीत, म्हणून सरळ हातानेच बुडवतो, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी असतेच. ज्यांनी थंडीत आगटीभोवती बसून हुरडा खाल्लाय त्यांना फोंड्यू म्हणजे काय हे समजवायला लागत नाही. मधे एक ऊब, भोवती माणसं, आणि सगळ्यांचे हात एकाच जागी. फ्रेंचमध्ये या शब्दाच्या मुळाशी वितळणं आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९३० च्या दशकात तिथल्या चीजवाल्यांच्या संघाने जोरदार जाहिरात करून फोंड्यू देशाचा पदार्थ म्हणून घरोघरी पोचवला. आम्हीही तेच करतोय, फक्त आमची जाहिरात म्हणजे हा एक कागद आहे.

भांडं

घरात जाड बुडाची कढई असेल तर भाड्याचं भांडं घ्यायची गरज नाही. गरम पाण्याच्या पातेल्यावर कढई ठेवा आणि अधूनमधून पाणी बदला. टेबलावर ज्योत हवीच असेल तर आमच्याकडे चिनी मातीचं भांडं, खालचा स्टँड आणि सहा लांब काटे मिळतात. अनामत ५०० रुपये, भांडं परत आलं की परत. हे भांडं गॅसवर ठेवायचं नाही. पातेल्यात शिजवायचं आणि त्यात ओतायचं. आणि थंड भांड्यात एकदम उकळतं ओतलं तर तडा जातो, म्हणून आधी गरम पाण्याने विसळा. खालच्या दिव्यातलं जळणाचं जेल संपलं तर दिवा पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. पेटत्या किंवा गरम दिव्यात जेल ओतणं धोक्याचं आहे, ज्योत बाटलीपर्यंत चढते. मुलं जवळ असतील तर दिवा नकोच, गरम पाण्याचं पातेलं बरं.

शेवटी तळाशी एक तांबूस थर धरतो. तो खरवडून खा. पिठल्याची खरवड जशी भांडून खातात तसंच तिकडे फोंड्यूच्या खरवडीचं आहे, तिला फ्रेंचमध्ये चक्क जोगीण म्हणतात. काळी झाली असेल तर मात्र आच जास्त झाली, ती सोडून द्या.

एका बरणीत चार माणसांचं भरपेट होतं. पैठण, जालना, बीडकडे पार्सल पाठवतो. एप्रिल-मेमध्ये मात्र शहराबाहेर पाठवत नाही, त्या उन्हात बर्फ घातला तरी बरणी धड पोचत नाही. डिसेंबरात हुरड्याच्या दिवसांत मागणी फार असते, तेव्हा चार दिवस आधी सांगून ठेवा. जादा पुडी १५ रुपयांना सुटी मिळते.

भांडं परत करताना तारेच्या घासणीने घासू नका. रात्रभर कोमट पाणी भरून ठेवा, थर आपोआप सुटतो. सोमवारी दुपारपर्यंत आणून दिलंत तर मंगळवारच्या गिऱ्हाइकाला देता येतं. आणि काटे सहा होते, मोजून आणा.