वेग ओसरला की चौथ्या फळीत सेंटर?
आइस हॉकीत फिरणारा एक जुना समज: वेग ओसरलेल्या अनुभवी फॉरवर्डला (आक्रमक खेळाडूला) चौथ्या, म्हणजे सर्वात कमी खेळणाऱ्या फळीत सेंटरला (तिघा फॉरवर्डांतल्या मधल्या जागी) खेळवा, तिथे दमछाक कमी.

बर्फावर वेळ कमी मिळतो, हे खरं. दमछाक मात्र तीच. पक (खेळातली रबरी चकती) आपल्या गोलजवळ आला की विंगर (कडेचा फॉरवर्ड) बहुधा वरच, गोलपासून लांब, समोरच्या बचावपटूंवर नजर ठेवून असतो; सेंटरला थेट गोलपर्यंत खाली यावं लागतं आणि पक सुटताच पुन्हा पुढे. उत्तर अमेरिकेतली रिंक 200 फूट लांब! फेस-ऑफचं (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू होतो, तेव्हा तो जिंकण्याचं) कसब वयाबरोबर लगेच जात नाही, त्यातून हा समज आला असावा. पण फेस-ऑफ क्षणात संपतो.

पडताळायचंय? सामना बघताना पक सोडा. एक शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) फक्त सेंटरकडे बघा, पुढची विंगरकडे. संथ खेळाडू, माझ्या मते, विंगलाच बरा. फेस-ऑफ काय, विंगरही घेऊ शकतो.