रेकॉर्डचे दुकान

रेकॉर्डचे दुकान : ध्वनिमुद्रिका, म्हणजेच बोलण्यातल्या रेकॉर्डी किंवा तबकड्या, विकणारे आणि बहुधा मालकाने स्वतः गल्ल्यावर बसून चालविलेले दुकान. साखळी दुकानांत माल मुख्य कचेरीने ठरविल्याप्रमाणे येतो. येथे काय मागवायचे, काय दर्शनी मांडायचे आणि काय जुन्या गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवायचे, हे मालकाचा कान ठरवितो. या दुकानांची ओढ मुख्यतः त्या कानामुळेच वाटते. वेल्समधील कार्डिफ शहरात १८९४ मध्ये निघालेले ‘स्पिलर्स रेकॉर्ड्स’ हे जगातील सर्वांत जुने रेकॉर्डचे दुकान मानले जाते.

भारतात ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कोलकात्यात सुरुवात झाली आणि १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तेथील कारखाना चालू झाल्यावर तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या व्हिनिलच्या दीर्घवादी तबकडीने (एलपी) एका बाजूचा अवधी वीस मिनिटांच्या पुढे नेला आणि ख्यालाला, म्हणजे विस्ताराने गायच्या शास्त्रीय गायनप्रकाराला, थोडी मोकळीक मिळाली.

रेकॉर्ड ऐकून मग घेण्याची सोय, हा या दुकानांचा प्राण होता. मुंबईत काळा घोडा येथे १९४० च्या दशकात सुरू झालेल्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये त्यासाठी काचेच्या खोल्या होत्या, लहान दुकानांत मालक गल्ल्याशेजारच्या यंत्रावरच सुई टेकवीत असे आणि एकाच्या निवडीचे गाणे नाइलाजाने, पण बहुधा आनंदाने, सगळ्यांना ऐकावे लागे. मागितलेली रेकॉर्ड नसली, तर जाणता दुकानदार ‘नाही’ म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावत नाही. त्याच रागाची, त्याच घराण्याची दुसरी तबकडी तो काढून देतो, आणि पुष्कळांच्या संग्रहाला वळण लागते ते तेथेच.

जुनी रेकॉर्ड पारखण्याची एक रीत आहे. तबकडी फक्त कडांना धरून कव्हरातून काढायची, उजेडात तिरपी करून चरे पाहायचे, नखाला लागणारा चरा असेल तर ती परत ठेवायची, आणि मधल्या कागदी लेबलालगत कोरलेला बारीक क्रमांक वाचायचा. मूळ ध्वनिमुद्रण कोणते आणि त्याचा कोणता साचा वापरला, याचा माग या क्रमांकावरून लागतो; पक्का संग्राहक कव्हरावरच्या चित्राआधी तोच पाहतो.

१९८० च्या दशकात कॅसेटने तबकडीला मागे सारले. अनेक दुकाने गिऱ्हाइकाने आणलेल्या यादीप्रमाणे आपल्या रेकॉर्डींवरून कोऱ्या कॅसेटी ‘भरून’ देत असत. हा व्यवहार प्रताधिकाराच्या कायद्यात बसणारा नव्हता, तरी त्यामुळे कित्येक दुर्मीळ गाणी घरोघर पोहोचली, हेही खरे. पुण्याच्या ‘अलूरकर म्युझिक हाउस’ने त्याच काळात शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी स्वतः प्रकाशित केल्या. दुकानदाराने प्रकाशक होण्याचे हे ठळक उदाहरण आहे. नंतर सीडी, चोरट्या प्रती आणि शेवटी इंटरनेटवरचे गाणे यांपुढे यांतली पुष्कळ दुकाने टिकली नाहीत. ‘ऱ्हिदम हाउस’ फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झाले.

स्वतंत्र दुकानांकडे लक्ष वेधण्यासाठी अमेरिकेत २००८ पासून एप्रिलमधील एका शनिवारी ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ पाळला जातो, आणि त्याची प्रथा इतर देशांतही पसरली आहे. व्हिनिलला पुन्हा मागणी आली असली, तरी मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणी मुख्य व्यवहार अजून जुन्या मालाचाच चालतो. तेथील ढिगाऱ्यात पुष्कळ कव्हरांवर आधीच्या मालकाचे नाव आणि खरेदीची तारीख शाईच्या पेनाने घातलेली आढळते. कोऱ्या कव्हराच्या तुलनेत अशा प्रतीला सहसा कमी भाव येतो. काही गिऱ्हाइके मात्र मुद्दाम तीच उचलतात.